दाराकडचा, खिडकीकडचा

जमीरनं पॉलिश पेपरची घडी भिंतीला लावली मात्र, रामीबाई चुलीपुढून उठून धावतच आली. हात ज्वारीच्या पिठानं भरलेले, पदर अर्धा जमिनीवर. दाराजवळच्या पट्ट्यापुढे ती आडवी उभी राहिली आणि जमीरचा हात होता तिथंच थांबला.

"बाकीची भिंत घास," ती म्हणाली. "हे दोन पट्टे राहू दे."

जमीर घाटंजीचा रंगारी. आजूबाजूच्या तांड्यांतल्या निम्म्या नवरदेवांच्या खोल्या त्यानंच रंगवलेल्या. खालचं खरखरीत राहिलं तर वरचा रंग पोपडे धरतो, असं तो मावशीला समजावून सांगायला लागला. पण तिच्या चेहऱ्याकडे पाहून त्यानं विषय सोडला. पाहुणे येऊन पाहून जाऊ दे, मग काय करायचं ते कर, एवढं बोलून ती माघारी वळली. जाता जाता दाराकडच्या पट्ट्यावरून तिनं मनगटाची मागची बाजू फिरवली, पीठ लागू नये म्हणून. जमीरनं ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं करून तो शिडी उचलायला गेला.

पट्टे एकाच भिंतीवर होते, एक दाराकडे आणि एक खिडकीकडे. दोन्ही राखाडी. आता दोन रंगांतून एक निवडायचा म्हटलं की माणसाला वाटावं, एक हिरवा असेल, एक गुलाबी असेल. इथं निवडायचं तरी काय? दाराकडचा गोवरीच्या राखेचा आणि खिडकीकडचा लाकडाच्या राखेचा, एवढाच काय तो फरक, आणि तोही रोज चुलीतली राख काढणाऱ्या बाईलाच कळावा. बाकीच्यांना दोन्ही सारखेच दिसायचे. तरी या दोन पट्ट्यांनी रामीबाईच्या नवऱ्याच्या, देवसिंगच्या घरातल्या सगळ्यांचा जीव टांगणीला लावला होता.

पट्टे ओढले होते सेवादासनं. रामीबाईचा थोरला. पिकअप चालवून, कापसाची भाडी मारून त्यानं जुन्या टिनाच्या घरापुढे ही स्लॅबची खोली उभी केली होती. वर्षाशी सगाई झाली तसा तर त्याला दम निघेना. पुट्टी वाळते न वाळते तोच त्यानं जमीरकडून नमुन्याचे दोन छोटे डबे आणले, दोन पट्टे ओढले आणि फोटो काढून वर्षाला पाठवला. लग्नाच्या खोलीला राखेचा रंग कोणी देतं काय, म्हणून रामीबाईनं कपाळावर हात मारला होता. तो हसत सुटला. याडी, ही राख नाही, गिरे कलर आहे, यवतमाळात जाऊन पाहा, बंगलेवालेही हाच देतात, असं काहीबाही सांगून त्यानं तिला गप्प केलं. याडी म्हणजे आई. बंजाऱ्यांच्या या तांड्यात घरोघर गोरमाटी बोलतात. ते बोलणं इथं वऱ्हाडीत सांगावं लागतं, पण हा एक शब्द तसाच ठेवला पाहिजे.

त्याच दुपारी तो जेवायला बसला. रामीबाईनं भाकरी वाढली. वर्षाचा निरोप येऊन गेला होता; पोराच्या तोंडावरचं हसू मावत नव्हतं.

"याडी, दाराकडचा पक्का झाला," तो म्हणाला. "तिले बी तोच आवडला."

हात धुतले, तिच्या पदराला पुसले आणि जमीरला सांगून येतो म्हणून गाडीला किक मारून गेला. जंगलाच्या वळणावर रोही, म्हणजे नीलगाय, आडवी आली. जमीरपर्यंत तो पोचलाच नाही. संध्याकाळी त्याला घेऊन आले तेव्हा खरकटी ताटली अजून मोरीत तशीच पडली होती.

ते वाक्य रामीबाईनं कोणाला म्हणजे कोणाला सांगितलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही. पोराचं सगळं काही गावाचं झालं होतं. त्याची गाडी, त्याचे कपडे, त्याचं मरण, सगळ्यावर ज्यानं त्यानं येऊन बोलून घेतलं होतं. हे एक वाक्य मात्र तिचं एकटीचं राहिलं. बोलून दाखवलं तर झिजेल असं तिला वाटायचं, म्हणून तिनं तोंडाला कुलूप घातलं आणि घरादाराला वाटत राहिलं की कोणता रंग ठरला होता हे सेवादासबरोबरच गेलं.

खोलीत ती कोणाला पाऊल टाकू देईना. हंगामात कापूस घरी आला, जागा पुरेना, देवसिंग म्हणाला की नव्या खोलीत ढीग लावू. ती दारात जाऊन बसली ती उठलीच नाही. शेवटी कापूस ओसरीवर पडला आणि माणसं अंगणात झोपली. दिवाळीला पितरांचा धबुकार देतात, म्हणजे चुलीतल्या निखाऱ्यावर तूप आणि लापसी सोडून एकेका पितराचं नाव घेतात. आज्याचं नाव घेतलं तसा भडका उठला. आजीचं घेतलं तेव्हाही उठला. सेवादासचं नाव घेताना देवसिंगचा आवाज फाटला, तूप निखाऱ्यावर पडलं, आणि नुसता धूर झाला. निखारे विझत आले असतील, दुसरं काय! पण रामीबाईनं आपल्या मनाशी अर्थ लावून टाकला. तो पितरांत गेलाच नाही. तो इथंच आहे.

कुठं आहे हेही तिला ठाऊक होतं. दिवेलागणीला ती खोलीत जायची. उजेड कमी होत गेला की खिडकीकडचा पट्टा हळूहळू भिंतीत मिसळून जायचा. दाराकडचा मात्र राहायचा, थोडा गडद होऊन, दारातून आत येता येता कोणी थबकावं तसा. मग ती त्याच्याशी बोलायची. कापसाला काय भाव लागला, शेळी कधी व्याली, बाची गुडघेदुखी कशी आहे. एकदोनदा तिला ताज्या रंगाचा वास आला. एकदा तर बोट लावलं तेव्हा पट्टा ओला लागला, आणि तिनं ते बोट कितीतरी वेळ कशाला पुसलं नाही. भीती वाटायची काय? वाटायची. पण पोटच्या पोराला भिऊन पळायचं तरी कुठं!

राहिला धाकटा, प्रेम. दोघा भावांचा आवाज एक, चाल एक, गाडी लावताना पायानं स्टँड ओढायची लकबसुद्धा एक. अंगणात गाडी थांबली की रामीबाईच्या तोंडून आपसूक "सेवा, आलास काय?" निघून जायचं. आधी आधी प्रेम म्हणायचा, मी प्रेम हाय याडी. पुढे पुढे तो नुसतं "हो" म्हणायला लागला. तिला ते कळायचं, जीव चरचरायचा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच व्हायचं.

अशात वर्षाच्या बापाचा, धावजीचा, निरोप आला आणि तांड्याची नसाब, म्हणजे पंचायत, बसली. चार शहाणी माणसं लिंबाखाली जमली. रामधन नायकानं सांगितलं की सगाई घराशी होते, पोराशी नाही. पोरगी या घराला दिलेली आहे, धाकटा लग्नाचा आहे, तर बोल मोडायचा कशाला? प्रेमला विचारलं. त्यानं जमिनीकडे पाहून मान हलवली. पोरीचा होकार धावजीच्या तोंडून आला. प्रत्यक्ष पोरीच्या तोंडून तो कोणी ऐकला नाही, आणि ऐकावा असं कोणाला वाटलंही नाही. गूळ वाटला गेला. रामीबाईनं गुळाचा खडा तोंडात टाकला आणि तिला वाटलं, आपण धाकट्याला थोरल्याच्या जागेवर नेऊन बसवतोय, थोरल्याच्या कपड्यात, थोरल्याच्या बायकोशेजारी. पण बोलली नाही. कारण मनाच्या दुसऱ्या कोपऱ्यात तिला बरंही वाटलं होतं. ती पोरगी घरात आली म्हणजे सेवादासचं काहीतरी घरात आलं.

देवसिंगनं एकच हट्ट धरला. खोलीला रंग द्यायचा तर सेवादासनं ठरवलेलाच. पोराची तेवढी एक गोष्ट तरी पुरी झाली पाहिजे. त्यानं धावजीला फोन लावला आणि पोरीला विचारायला सांगितलं. पोरीनं निरोप पाठवला की तो फोटो आता मोबाइलमध्ये नाही, भिंत पाहिली म्हणजे सांगते. लग्नाआधी नवरी सासरची भिंत पाहायला येणार, हे ऐकून तांड्यातल्या म्हाताऱ्यांनी बोटं मोडली. मोडू देत, म्हणाला देवसिंग.

रामीबाईला त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. आपण सांगून टाकलं असतं तर एका शब्दाचं काम होतं. पण तिला ऐकायचं होतं. ती पोरगी दाराकडचा म्हणाली, तर सेवादास तिच्याही मनात जिवंत आहे; मग तो या घरातून कुठं जात नाही. आणि विसरली असेल, तर? तर आपणच तेवढ्या उरलो.

जमीर कामाला लागला त्याच सकाळी, ऊन चढायच्या आत, ऑटो फाट्यावरून आत वळला. वर्षा उतरली, मागून तिची आत्या. पोरगी यवतमाळला शिकलेली, रंगानं सावळी, ओढणी दोन्ही खांद्यांवर नीट घेतलेली. रामीबाईच्या पाया पडली. रामीबाईनं पाणी दिलं, वाळ्याचं, थंड. आत्या ओसरीवर बसून देवसिंगशी पाऊसपाण्याचं बोलू लागली, जमीर बाहेर बिडी ओढायला गेला, आणि वर्षा कोणाला न विचारता उठून खोलीत गेली.

स्वयंपाकघराचं दार नव्या खोलीच्या खिडकीसमोर येत होतं. तव्यापुढे बसूनही रामीबाईला आतलं दिसत होतं, ऐकू येत होतं.

पोरीनं खोलीत पाऊल टाकलं आणि जराही इकडेतिकडे न पाहता ती सरळ दाराकडच्या पट्ट्यापाशी गेली. पाठीमागे खिडकीकडचा होता, त्याच्याकडे तिनं वळूनही पाहिलं नाही. पट्ट्यावर तळवा टेकवला. रामीबाई टेकवायची तसाच, पूर्ण तळवा. मग कपाळ टेकवलं. तिचे खांदे एकदा हलले, पण आवाज आला नाही. रामीबाईच्या हातातली भाकरी तव्यावर टाकायची राहून गेली. हिला माहीत आहे! तिच्या छातीत काहीतरी भरून आलं, आनंद म्हणावा तर आनंद, आणि अंगावर काटाही आला. खोलीत त्या क्षणी ती पोरगी आणि भिंत एवढीच होती, तिसरं कोणी नव्हतं, असं तिला शपथेवर सांगता आलं नसतं.

मग प्रेम आला. शिडी बाजूला करायचं निमित्त. वर्षानं झटकन डोळे पुसले. दोघं जण खोलीच्या दोन टोकांना उभे राहिले. पूर्वी फोनवर हाच पोरगा तिला भोजाई, भोजाई म्हणून चिडवायचा, दादाची बायको म्हणून खोड्या काढायचा. आता तिला काय म्हणून हाक मारावी हे त्याला सापडत नव्हतं. त्यानं शिडी एका भिंतीवरून उचलून दुसऱ्या भिंतीला लावली, आणि मग पुन्हा पहिल्या भिंतीला आणली.

"तुम्हाले कोणता आवडते?" वर्षानं विचारलं.

प्रेम म्हणाला, माझं काय, भियानं जो ठरवला तोच. भिया म्हणजे थोरला भाऊ.

"ते मी विचारलं नाई."

बाहेर आत्याचं हसू ऐकू आलं. प्रेमनं खिडकीकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा कोणी काही विचारावं तसा त्याचा चेहरा झाला होता, आणि ते रामीबाईनं पाहिलं. आपण या पोराला वर्षभरात काय आवडतं म्हणून एकदाही विचारलं नाही.

"खिडकीकडचा," तो म्हणाला. "सकाळी उजेड पडते त्याच्यावर, तवा बरा वाटते. पण राहू द्या ते. याडीले नका सांगजा."

वर्षानं मान हलवली. प्रेम बाहेर निघून गेला. रामीबाईनं भाकरी तव्यावर टाकली, ती वाकडी पडली.

थोड्या वेळानं सगळे खोलीत जमले. देवसिंगनं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली होती. देवळात आल्यासारखा तो उभा होता. आत्या भिंतीची पुट्टी बोटानं तपासत होती. जमीर मागे होता, प्रेम दाराच्या चौकटीला टेकून. रामीबाई शेवटी आली आणि उंबऱ्याच्या आत जेमतेम उभी राहिली.

देवसिंगनं घसा साफ केला. बाई, म्हणाला, तुमचं दोघांचं जे ठरलं होतं तेच मला करायचं आहे, दुसरं काही नाही. तू संकोच करू नकोस. कोणता ठरला होता?

वर्षा भिंतीकडे पाहत होती. दाराकडच्या पट्ट्याकडे पाहिलं, खूप वेळ. मग खिडकीकडच्याकडे.

"खिडकीकडचा," ती म्हणाली.

प्रेमची मान वर झाली.

रामीबाईला आधी काही उमगलंच नाही. मग उमगलं आणि तिच्या अंगाची आग झाली. खोटं बोलली! आत्ता, डोळ्यांदेखत, त्याच्या पट्ट्याला कपाळ लावून आलेली ही पोरगी त्याच्याच नावावर खोटं बोलली. तिला वाटलं, पुढं व्हावं, हिचा दंड धरावा आणि सगळ्यांसमोर सांगावं की माझ्या लेकाचं शेवटचं वाक्य माझ्यापाशी आहे, अक्षर न अक्षर आहे. तोंड उघडलंही तिनं. पण तेवढ्यात देवसिंग बोलला.

त्याला खात्री वाटत नव्हती. तो टोपी या हातातून त्या हातात करत म्हणाला, मला तर दाराकडचा वाटत होता. पोरगा येता जाता त्याच्यापाशीच उभा राहायचा. आत्यानंही भाचीला टोकलं, नीट आठव बाई, मेलेल्या माणसाची गोष्ट आहे, चुकीचं सांगून उद्या घराला काही बाधलं तर? जमीरनं सांगितलं की डबे त्यानंच दिले होते, पण कोणता पक्का झाला ते त्याला कळायच्या आधीच सगळं झालं. ओढणीच्या काठाचा एक दोरा वर्षानं बोटाला गुंडाळला, इतका घट्ट की बोटाचं टोक पांढरं पडलं. आणखी कोणी एक प्रश्न विचारला असता तर ती रडली असती आणि सगळं उघडं पडलं असतं.

देवसिंग बायकोकडे वळला. थोरला झाल्यापासून तिला त्याच्या नावानं हाक मारायची देवसिंगची सवय, ती अजून सुटली नव्हती.

"सेवाची याडी, तुले काही म्हणला होता काय तो?"

खोलीत सगळ्यांचे डोळे तिच्यावर आले. तिचे मात्र प्रेमवर गेले. तो चौकट सोडून सरळ उभा राहिला होता आणि वर्षाकडे पाहत होता. आपण सांगितलेला रंग हिच्या तोंडून आला, हे त्याच्या ध्यानात आलं होतं. त्याचा अर्थ काय लावावा ते कळत नव्हतं, आणि तरी त्याच्या डोळ्यांत काहीतरी हललं होतं. सेवादास उभा राहायचा तो एका पायावर भार टाकून, कमरेवर हात ठेवून. हा तसा उभा नव्हता. हा दोन्ही पायांवर उभा होता, हात कुठं ठेवावे हे न समजून लोंबते सोडून. वर्षभरात पहिल्यांदा रामीबाईला समोर आपला धाकटा पोरगा दिसला, नुसता तोच. किती वाळला होता.

पाठीमागे, हाताच्या अंतरावर, दाराकडचा पट्टा होता. त्याची थंडाई तिच्या पाठीला लागत होती. वळून पाहायची तिची छाती झाली नाही.

"म्हणला होता," ती म्हणाली. "जेवतानी. याडी, खिडकीकडचा पक्का झाला. तिले बी तोच आवडला."

एकच शब्द बदलला. बाकी सगळं त्याचंच होतं, त्याच सुरात, मध्ये तो थांबला होता तिथं थांबून. एवढे दिवस जपलेलं ते वाक्य असं तिच्या तोंडून बाहेर पडलं आणि पडताना खोटं झालं. आता ते कोणी कधी खरं करू शकणार नव्हतं.

देवसिंगच्या डोळ्यांतून पाणी आलं. मला एका शब्दानं बोलली नाहीस, म्हणाला, आणि टोपीनंच डोळे पुसले. आत्याला हायसं वाटलं. पाहा, म्हणाली ती, दोघींचं अगदी जुळलं.

वर्षानं बोटाचा दोरा सोडला. तिनं मान वर करून रामीबाईकडे पाहिलं. त्या दुपारी सेवादासला तिनं स्वतः काय सांगितलं होतं ते तिला ठाऊक होतं. म्हणजे या बाईनं आत्ता काय केलं तेही तिला कळलं. ती काही बोलणार होती. रामीबाईनं डोळ्यांनीच तिला गप्प राहा म्हटलं आणि ती चुलीकडे निघून गेली.

तवा भडकला होता. तिनं लाकडं मागे ओढली. पीठ पुन्हा भिजवायला घेतलं, पाणी जास्त पडलं, वर कोरडं पीठ टाकलं, तेही जास्त झालं. तेव्हा तिला रडू फुटलं. पदर तोंडात कोंबून ती पोटभर रडली. सेवा, माझ्या राजा, मी तुला घालवलं रे, असं ती आतल्या आत म्हणत राहिली, आणि कोणी उत्तर देतं काय म्हणून कान देऊन बसली. चुलीतलं लाकूड तेवढं चरचरलं.

दारात वर्षा येऊन उभी राहिली होती. केव्हाची कोण जाणे. ती आत आली, परातीपाशी बसली आणि बाह्या वर सारल्या. दोघींच्या मध्ये परात होती. नव्या खोलीत जमीरनं काम सुरू केलं. पॉलिश पेपर भिंतीवर फिरल्याचा आवाज येऊ लागला, दाराच्या बाजूनं, खस्स, खस्स, मध्येच फुंकर मारून पुन्हा.

"याडी," वर्षा हळू आवाजात म्हणाली, "मी तर त्याइले दाराकडचा..."

"खिडकीकडचा," रामीबाई म्हणाली. "भाकरी येते काय तुले?"

"येते."

"मंग टाक. प्रेम पातळ खाते."

वर्षानं पिठाचा गोळा घेतला आणि दोन्ही तळव्यांत फिरवायला लागली. तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं, ते पुसायला हात मोकळा नव्हता. रामीबाईनं पदराच्या टोकानं ते पुसलं. मग ती भिंतीला टेकून बसली आणि ऐकत राहिली. आवाज बराच वेळ दारापाशी रेंगाळला. मग थांबला. शिडी ओढल्यासारखं काहीतरी वाजलं, आणि जमीर खिडकीकडची भिंत घासायला लागला.